सात डोळ्यांवर

२०२३ साली ऑक्टोबरच्या १४ तारखेला मी दुसऱ्याच्या दारातल्या द्राक्षवेलीची एक काडी कापली. घडले ते एवढेच. काडी करंगळीएवढी जाड होती, पिकून तपकिरी झालेली होती आणि वाऱ्याबरोबर माझ्या खिडकीच्या काचेवर सारखी घासत होती. शनिवार असल्यामुळे काम नव्हते. नाशिकला आईने सर्वपित्रीचा स्वयंपाक केला होता आणि पानातला एकेक पदार्थ मला फोनवर दाखवून झाला होता. फोन ठेवला तेव्हा डोळ्यांसमोर ती काडी होती आणि गॅलरीच्या कठड्यावर द्राक्षतोडणीच्या वेळची कात्री तशीच पडून होती. मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागाईतदाराची मुलगी आहे. ऑक्टोबर लागला आणि काडी पिकली की छाटणी करायची, हे मला कोणी सांगावे लागत नाही. मी खालून सात डोळे, म्हणजे नवी फूट येण्याच्या जागा, मोजले, सातव्या डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडली आणि कात्री दाबली. त्याच वेळी खालच्या अंगणातून आवाज आला, "आरा, आरा."

आरा म्हणजे जॉर्जियन भाषेत नको. शेजारचे आजोबा पाव घेऊन येत होते. त्यांनी तो नळाच्या कट्ट्यावर ठेवला आणि लाकडी जिना चढून ते वर आले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. हातातून काही निसटून पडल्यावर माणूस जसा पाहतो, तसे ते त्या काडीकडे पाहत होते. मी भाषांतरासाठी फोन पुढे केला. ते दोनच वाक्ये बोलले आणि फोनवर मराठीत उमटले, "आता नाही. तो अजून खात आहे." मला वाटले, घरात कोणीतरी जेवायला बसले आहे आणि माझ्या आवाजाचा त्रास होतो आहे. जॉर्जियन भाषेत तो आणि ती असा भेद नाही, म्हणून फोनने आपल्या मनाने 'तो' घातला होता. मग आजोबांनी वेलीचे एक पान चिमटीत धरले, तेथून बोट काडीवर आणले, काडीवरून ओलांड्यावर, म्हणजे खोडाच्या आडव्या फांदीवर, ओलांड्यावरून खोडावर, आणि शेवटी कठड्यावरून वाकून खाली मातीकडे दाखवले. जेवत होती ती वेल. फळ निघून गेल्यावर पाने जे अन्न तयार करतात ते खोडात आणि मुळांत साठत जाते आणि त्या साठ्यावर वेल हिवाळा काढते. पाने आपणहून गळेपर्यंत तिथे काडीला कोणी कात्री लावत नाही. छाटणी होते ती हिवाळा सरताना, मार्चच्या सुमाराला.

कापून पडलेली काडी त्यांनी उचलली, तिची पाने खुडली आणि ती पावाबरोबर काखेत धरून ते खाली गेले.

ती वेल जॉर्जिया देशाच्या राजधानीतली, तिबिलिसीतली होती आणि मी तिथे तीन महिन्यांसाठी राहायला गेले होते. आमच्या कार्यालयाला माझे काम कोणत्या गावातून होते याच्याशी देणेघेणे नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चाचणी नाशिकच्या गंगापूर रोडवर बसून होते, तशीच ती दुसरीकडूनही होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर बाहेर राहून काम करण्याची परवानगी मी मागितली आणि ती मिळाली. सगळ्यांना मी सांगितले की थोडा बदल हवा आहे. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. त्या उन्हाळ्यात नानांनी, माझ्या वडिलांनी, मला पहिल्यांदा विचारले होते, "वरचे दोन एकर काढून टाकू का? माझ्याच्यानं आता होत नाही." नाना अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि मी एकुलती एक. बाग करीन असे म्हणण्याची माझी तयारी नव्हती आणि विका म्हणायला जीभ रेटत नव्हती. उत्तर न देता मी तिकीट काढले. नानांनी तो विषय पुन्हा काढला नाही. विमानतळावर निघताना त्यांनी एवढेच विचारले की तिकडे द्राक्षे होतात का. होतात, मी म्हणाले. त्या 'होतात'मध्ये किती काय मावते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

माझी खोली चुगुरेती भागात होती. मार्जानिश्विली मेट्रो स्थानकापासून दहा मिनिटे चालले की एक दिंडीदरवाजा लागतो आणि आत जुन्या पद्धतीचे चौकाचे घर आहे. दोन्ही मजल्यांना लाकडी गॅलऱ्या, एकाच गॅलरीत चार घरांची दारे, मधोमध अंगण, अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ. पहिल्या संध्याकाळी मी त्या अंगणात बॅगा घेऊन उभी राहिले आणि मला पंचवटीतला आत्याचा वाडा आठवला. तिथेही मधल्या चौकात नळ होता आणि पाणी येण्याच्या वेळेला बादल्यांच्या आवाजावरून कोण कोणावर रुसले आहे ते कळत असे. तो वाडा पाडून आता तिथे इमारत उभी आहे. चुगुरेतीतल्या अंगणात नळाशेजारून द्राक्षवेल निघाली होती. मनगटाहून जाड, पीळ पडलेले खोड लोखंडी पाइपच्या आधाराने सरळ दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले होते आणि वर मांडवासारखे पसरले होते. सप्टेंबरात त्या मांडवाला काळसर घड लटकत होते आणि खाली फरशीवर पडून फुटलेल्या मण्यांवर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. फुटक्या मण्यांचा तो आंबूसगोड वास मी डोळे मिटूनही ओळखला असता. आमच्याकडे तो वास मार्चमध्ये येतो. सप्टेंबरात तो आला तेव्हा मला क्षणभर कळेना की मी वर्षाच्या नेमक्या कोणत्या टोकाला उभी आहे.

बिऱ्हाड लावायला फार वेळ लागला नाही. खिडकीसमोर टेबल ओढले, लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तके घातली, पोळपाटाऐवजी लाकडी फळी आणली. तिबिलिसीचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासाने मागे आहे. आमची साडेनवाची बैठक तिथे आठला सुरू होई आणि माझा दिवस संध्याकाळी पाचला संपे. पहिल्या आठवड्यात मला ही मोठीच सोय वाटली, कारण पाचनंतर हातात अडीच तासांचे ऊन असायचे. मी फ्युनिक्युलरने मतात्समिंदाच्या डोंगरावर गेले. ती दोरखंडावर चालणारी रेल्वे १९०५ सालची आहे आणि वर पोहोचल्यावर मतक्वारी नदीच्या दोन्ही काठांवरचे शहर एकदम पायाशी येते. समोरच्या टेकडीवर एका स्त्रीचा प्रचंड चंदेरी पुतळा आहे, १९५८ साली उभारलेला. कार्तलिस देदा, म्हणजे जॉर्जियाची आई. तिच्या एका हातात तलवार आहे आणि दुसऱ्या हातात द्राक्षमद्याचे भांडे. येणारा शत्रू असेल तर तलवार, पाहुणा असेल तर भांडे. मी त्या पुतळ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मी शत्रू नव्हते हे नक्की, पण पाहुणी तरी होते का? पाहुणा कोणाकडे तरी येतो. मी कोणाकडेच आलेली नव्हते. भाडे भरले होते आणि किल्लीचा आकडा फोनवर आला होता.

त्या शहरात माझ्यासारखे पुष्कळ होते. मार्जानिश्विलीच्या कॉफीच्या दुकानांत प्रत्येक टेबलावर लॅपटॉप उघडा असे आणि ज्याचा त्याचा दिवस वेगवेगळ्या देशाच्या घड्याळाने चाले. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, २०२२ साली, रशियातून हजारो लोक तिबिलिसीत राहायला आले आणि घरभाडी चढत गेली. अंगणातल्या एका कुटुंबाचा थोरला मुलगा भाडे न परवडल्यामुळे शहराबाहेर राहायला गेला होता, हे मला बऱ्याच उशिरा समजले. तोपर्यंत मी माझे भाडे नाशिकच्या मानाने फार नाही, असे समाधान मानत होते. त्यानंतर मात्र दर महिन्याला ते भरताना हात जरा अडखळे.

ओळख झाली ती पुरीमुळे. जॉर्जियन भाषेत पावाला 'पुरी' म्हणतात. गल्लीच्या कोपऱ्यावर तळघरात एक भट्टी होती. रस्त्याच्या पातळीला तिची खिडकी आणि तिच्यातून बाहेर येणारा गरम पिठाचा वास. आतला माणूस विहिरीसारख्या गोल मातीच्या भट्टीत कंबरेपर्यंत वाकायचा आणि कणकेचा लांबट तुकडा आतल्या भिंतीला थापायचा. फुगून खरपूस झालेला पाव लोखंडी आकड्याने सोडवून तो खिडकीत ठेवी. होडीसारखा बाक असलेल्या त्या पावाला शोती म्हणतात. मी रोज आठच्या आधी तिथे जाऊ लागले आणि रांगेत माझ्या पुढे नेमके तेच आजोबा असत. अंगणातली मुले त्यांना बाबुआ म्हणायची, म्हणजे आजोबाच. मीही तसेच म्हणू लागले. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी माझाही पाव घेतला आणि पैसे घेण्यास मानेनेच नकार दिला. आईला मी फोनवर सांगितले की शेजारच्या आजोबांनी पुरी दिली, तर तिने लगेच विचारले, "आणि भाजी कशाची केली?" त्यांचे कोणी जवळ नव्हते. पत्नी वारली होती आणि मुलगी इटलीत एका वृद्ध बाईंची देखभाल करण्याच्या कामावर होती. जॉर्जियातल्या किती तरी बायका अशा इटलीत आणि ग्रीसमध्ये परक्यांच्या आईवडिलांचे करायला गेलेल्या आहेत. बाबुआ फोनमध्ये बोलले आणि मी वाचले, "ती थोड्या काळासाठी गेली. अकरा वर्षे झाली."

मी त्या रात्री नानांना नेहमीपेक्षा लवकर फोन केला, पण विचारायचे ते विचारले नाही.

सप्टेंबरअखेर बाबुआंच्या गावी, काखेती प्रांतात, द्राक्षतोडणी होती. त्या सुगीला तिथे रत्वेली म्हणतात. शनिवारी पहाटे त्यांच्या पुतण्याच्या गाडीत मी मागे बसले आणि दुपारी मी आणि दहा-बारा माणसे बागेत ओळीने वाकलेली होतो. आमच्याकडे मांडव डोक्याच्या वर असतो, तोडणारा मान वर करून घड धरतो. तिथे वेली कमरेइतक्याच होत्या. हातात आलेली द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची. त्यांतली एक सापेरावी. या नावाचा अर्थच रंग देणारी असा आहे आणि तिचा गरही लाल असतो, त्यामुळे तासाभरात माझी बोटे जांभळी झाली आणि तो रंग सोमवारच्या बैठकीपर्यंत टिकला. घरामागच्या खोलीत, मारानीत, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण होते. रस, साल, बिया, काही वेळा देठसुद्धा, सगळे त्यात जाते आणि वरून दगडाचे झाकण मातीने लिंपून टाकतात. या रांजणांना क्वेव्री म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने ही पद्धत मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात धरली, पण त्या घरात ते कोणी बोलून दाखवले नाही. बोलणे झाले ते सालीचे, पावसाचे आणि भावाचे. तिबिलिसीच्या दक्षिणेला उत्खननात सापडलेल्या मडक्यांच्या तुकड्यांवर द्राक्षमद्याच्या खुणा मिळाल्या आहेत आणि त्या सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. मी रांजणाच्या तोंडाशी वाकले तेव्हा आतून बुडबुड्यांचा बारीक, एकसारखा आवाज येत होता, दूरवर पाऊस पडत असल्यासारखा.

नानांना हे सगळे मी व्हिडिओवर दाखवले. मद्यात त्यांना रस नव्हता. त्यांनी विचारले, "बियांची द्राक्षं बाजारात कोण घेतं?" मी तो प्रश्न बाबुआंपुढे धरला. ते म्हणाले, आमचा माल रशिया घेई आणि २००६ साली तिने एकदम दार बंद केले. ते उघडायला २०१३ उजाडले. नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांना २०१० सांग." त्या वर्षी वाढनियंत्रकाचा अंश सापडला म्हणून युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर नाकारले होते. मी तेव्हा कॉलेजात होते. आमचे घर त्या उन्हाळ्यात किती शांत होते ते मला आठवते, आईने गहू निवडतानासुद्धा रेडिओ लावला नव्हता. मी फोनमध्ये ते सगळे सांगितले, फोनने ते जॉर्जियनमध्ये वाचून दाखवले. बाबुआंनी मान हलवली आणि पडद्यावरच्या नानांकडे पाहून छातीवर हात ठेवला. नानांनीही गडबडीने हात जोडले.

यानंतर पंधरा दिवसांनी मी ती काडी कापली. म्हणून ते मनाला जास्त लागले. अनोळखी माणसाच्या वेलीला हात लावला असता तर क्षमा मागून मोकळी झाले असते. इथे मला त्यांनी आपल्या बागेत नेले होते, आणि मी द्राक्षातली जाणकार म्हणून गेले होते. संध्याकाळी नानांना सांगितले तेव्हा त्यांनी आधी विचारले, "किती डोळ्यांवर कापलीस?" सात, मी म्हणाले. "डोळे बरोबर मोजलेस," ते म्हणाले, "पण महिना आपला लावलास." मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी जन्मभर त्या बागेत वावरूनही कधी लक्षात घेतली नव्हती. आपल्याकडची वेल झोपत नाही. थंडी पुरेशी नाही, म्हणून तिची पाने आपणहून गळून ती थांबत नाही. एप्रिलमध्ये आपण तिची खरड छाटणी करतो, उन्हाळ्यात काडी तयार होते, ऑक्टोबरात पुन्हा छाटतो, डोळ्यांना पेस्ट लावतो आणि तिला फुटायला लावतो. दोन छाटण्या, एक पीक, आणि मध्ये विसावा नाही. निफाडचा पारा घसरला की सगळ्या महाराष्ट्राला बातमी कळते, पण त्या थंडीत आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, कारण मण्यांना तडे जातात. "आपण तिला गार लागू देत नाही," नाना म्हणाले, "आणि ते लोक तिला थंडीत निजवतात. बघायला पाहिजे एकदा, निजलेली वेल."

त्यांच्या आवाजात मला हेवा ऐकू आला.

त्या दिवसांत आमच्याकडे छाटणी नुकती आटोपली होती. पेठ-सुरगाण्याकडची माणसे दरवर्षीप्रमाणे आली होती आणि मी ती गडबड फोनवर पाहत होते. तिबिलिसीत बसून मी खरे तर नाशिकचेच दिवस मोजत होते. पेस्ट कधी लावली, पोंगा, म्हणजे कोवळी फूट, कधी दिसला, डाऊनी रोगावरची फवारणी कधी झाली. कामाचे तासही तिकडचेच. दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, मी स्टेशनजवळच्या देझर्तीर बाजारात झेंडू शोधायला गेले. हार करण्याजोगी फुले काही मिळाली नाहीत, पण मसाल्याच्या गल्लीत एका बाईपुढे पोत्यात वाळवून कुटलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. जॉर्जियन लोक झेंडू स्वयंपाकात घालतात, अक्रोडाच्या वाटणात, केशराच्या जागी. तिने चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली. वास घेतला आणि नाशिकच्या रविवार कारंजावरची दसऱ्याची सकाळ, ओले गोणपाट, तोडलेल्या देठांचा उग्र वास, सगळे एकदम अंगावर आले. मी शंभर ग्रॅम घेतले. त्यातले अर्धे लॅपटॉपसमोर वाहिले आणि अर्धे बाबुआंना दिले. त्यांनी ते राजम्यात, म्हणजे त्यांच्या लोबिओत घातले आणि वाटीभर मला आणून दिले. मी वाटी धुऊन परत करताना त्यात चिवडा घातला. त्या दिवशी पहिल्यांदा मी पाच वाजता फिरायला बाहेर पडले नाही, अंगणातच बसून राहिले.

नोव्हेंबर लागला तसे ऊन आखडत गेले. पाचला काम संपले की बाहेर अर्ध्या तासाचा उजेड उरायचा, आणि महिनाअखेर सकाळची बैठक सुरू होताना बाहेर नुकते उजाडत असे. पाहायची म्हणून लिहून ठेवलेली ठिकाणे राहून गेली. अबानोतुबानीच्या गंधकाच्या हमामात मी एकदाच गेले. बाहेर गल्लीतसुद्धा उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि आतले पाणी जमिनीतून गरम येते. या ऊन पाण्यावरूनच शहराचे नाव पडले आहे. मेट्रोचे सरकते जिने इतके खोल उतरतात की लोक त्यावर पुस्तक वाचतात. एवढेच. पण वेलीचे पान न् पान मी पाहिले. आधी कडा पिवळ्या पडल्या, मग शिरांमधला हिरवा उडाला, मग एका रात्री वारा सुटला आणि सकाळी नळाचा कट्टा पानांनी झाकला गेला. बाबुआंनी ती झाडून वेलीच्याच बुंध्याशी लोटली. माझ्या खिडकीत आता पुरता उजेड येत होता. कापलेल्या काडीचे टोक काळे पडले होते. भिंतीच्या कडेला तेलाच्या जुन्या डब्यात ओली वाळू भरून ठेवलेली होती आणि तीत एक काटकी उभी खोचलेली होती. मला वाटले, मुलांचा काही खेळ असेल.

२६ नोव्हेंबरला रविवार होता. दुपारी आईचा फोन आला आणि ती काहीच बोलेना. मागे पत्र्यावर दगड ओतावेत तसा आवाज येत होता. निफाड तालुक्यात गारपीट झाली. मणी धरण्याची अवस्था होती, म्हणजे सगळ्यात नाजूक. तासाभराने नानांनी फोन बागेत नेला. कोवळे शेंडे मोडून लोंबत होते, पाने चाळणीसारखी झाली होती आणि सऱ्यांमध्ये गारा अजून पांढऱ्या दिसत होत्या. नाना एकेका वेलीशी थांबून मला दाखवत होते, जणू मी काही करू शकणार होते. मी गॅलरीत उभी होते, समोर उघडी वेल होती आणि मला श्वास नीट घेता येत नव्हता. माझी अनुपस्थिती मला त्या दिवशी दिसली. तोपर्यंत मी रोज पाहते, रोज विचारते, म्हणजे मी तिथे आहेच, असे धरून चालले होते.

बाबुआ वर आले. पडद्याकडे पाहिले आणि एकच शब्द बोलले, "सेत्क्वा." गारा. भाषांतराची गरज पडली नाही. काखेतीत गारपीट नेहमीची आहे, तिथे सरकारने त्यासाठी ढगांवर सोडायचे अग्निबाण बसवले आहेत. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, नानांच्या समोर धरला आणि हळूहळू काही विचारले. नंतर दुसऱ्या फोनवर त्याचे मराठी उमटले आणि मी ते नानांना वाचून दाखवले, "मूळ आहे ना?" नानांनी चिखलात बसून बुंध्यावर हात ठेवला. म्हणाले, "आहे. मूळ आहे." बाबुआ तेथून हलले नाहीत. फोन बंद झाल्यावरही आम्ही दोघे अंधार पडेपर्यंत गॅलरीत बसून होतो. त्यांनी खिशातले अक्रोड फोडून एकेक गर माझ्या हातावर ठेवला आणि मी तो खाल्ला.

चार दिवसांनी मी निघाले. विमान पहाटेचे होते, अंगणात काळोख होता. बाबुआ उठून बसले होते. त्यांनी एक शोती कागदात गुंडाळून दिली आणि मी त्यांच्या पाया पडले. ते गोंधळले, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता २०२४चा एप्रिल आहे आणि आमच्या बागेत खरड छाटणी चालू आहे. वरच्या दोन एकरांचे अजून ठरलेले नाही. आठवड्यातले तीन दिवस मी मळ्यातल्या घरून काम करते, सकाळी बैठकीआधी दीड तास नानांबरोबर ओळीत असते. खरड छाटणीत काडी एकाच डोळ्यावर कापतात, सात मोजायचे नसतात. काल सकाळी फोन वाजला. बाबुआंनी व्हिडिओ पाठवला होता. चुगुरेतीतले अंगण, नळ, कट्टा, आणि वेलीची मार्चमध्ये झालेली छाटणी. माझ्या काळ्या पडलेल्या कापाच्या खाली त्यांनी नवा काप घेतला होता आणि त्या कापातून पाण्याचा थेंब फुगून पडत होता, पुन्हा फुगत होता. नंतर त्यांनी फोन भिंतीकडे वळवला. तेलाचा डबा, वाळू, आणि तीत खोचलेली ती काटकी. माझी काडी. तिच्या वरच्या डोळ्यावर पांढुरका, लोकरीसारखा फुगवटा आला होता.

मी फोन नानांकडे दिला. त्यांनी कात्री खिशात घातली, चिकाने माखलेला अंगठा सदऱ्याला पुसला आणि चित्र मोठे करून जवळ धरले.

"कापसलाय," ते म्हणाले. मग पुन्हा पाहिले. "डोळा साठ्यावरही फुगतो. मूळ धरलंय का, ते विचार त्यांना."

मी ओळीतच बसून प्रश्न लिहिला आणि पाठवला.